दोरीला लागलेली लाळ आणि विषाणूचा माग

२०१३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात, ओहायो, इंडियाना, आयोवा अशा राज्यांतल्या वराहपालन फार्मवर नुकतीच जन्मलेली पिल्ले भराभर दगावू लागली. आधी उलटी, मग पाण्यासारखी हगवण, आणि दोन-चार दिवसांत शोष पडून मृत्यू. पिल्लू आठवड्याच्या आतले असेल तर वाचण्याची आशा जवळजवळ नसेच. माद्या आणि वाढीला लागलेली डुकरे मात्र काही दिवस आजारी पडून सावरत होती. पशुवैद्यांच्या नजरेला हे चित्र ओळखीचे होते, कारण टीजीई नावाचा डुकरांचा जुना आतड्याचा आजार हुबेहूब असाच दिसतो. त्यांनी त्याच संशयाने नमुने पाठवले. टीजीईची चाचणी नकारार्थी आली, पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विष्ठेत कोरोनाविषाणू दिसत होते. मेच्या मध्यावर आयोवातल्या एम्स गावच्या राष्ट्रीय पशुवैद्यकीय प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केले. हा पोर्साइन एपिडेमिक डायरिया, म्हणजे पीईडीचा विषाणू होता. अमेरिकेत तो त्याआधी कधीच आढळला नव्हता.

जगाला तो नवा नव्हता. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये हा आजार पहिल्यांदा लक्षात आला आणि १९७८ मध्ये बेल्जियममध्ये त्यामागचा विषाणू ओळखला गेला. युरोपात तो पुढे मंदावला, आशियात मात्र मुरला. २०१० च्या अखेरीस चीनमध्ये त्याचे एक उग्र रूप उसळले आणि त्यात दहा लाखांहून अधिक पिल्ले मेली. अमेरिकेत पोचल्यावर पहिल्या वर्षभरातच अंदाजे ७० लाख डुकरे, बहुतेक दूधपिती पिल्ले, त्याने नेली आणि तो तीसच्या आसपास राज्यांत पसरला. माणसाला हा आजार होत नाही. तरीही या साथीची कथा जाणून घेण्यासारखी आहे. एखादा नवा विषाणू देशभर कसा पसरतो, हे फार्म, ट्रक आणि खाद्याचे पोते धरून इतक्या बारकाईने क्वचितच तपासले गेले असेल. त्या शोधात कामी आलेली साधने पाहिली की थक्क व्हायला होते. सुती दोरी, भिंत रंगवायचा रोलर, वाऱ्याची दिशा, आणि आपल्या फार्मवरचा आजार स्पर्धकाला सांगून टाकण्याची मालकांची तयारी. यातली शेवटची गोष्ट सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत मोलाची, असे माझे ठाम मत आहे.

विषाणू करतो काय, ते आधी पाहू. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला सूक्ष्म अंकुर असतात आणि अन्नरस शोषण्याचे काम त्यांच्याकडे असते. पीईडीचा विषाणू नेमक्या या अंकुरांच्या पेशींत शिरतो. पेशी मरून गळतात, अंकुर आखूड होतात, पोटात गेलेले दूध तसेच वाहून जाते. मोठ्या जनावरात या पेशी लवकर नव्याने तयार होतात. नवजात पिल्लात तो वेग फार कमी असतो. आईच्या दुधातून संरक्षक प्रतिपिंडे मिळाली तर पिल्लू तरते, पण अमेरिकेतल्या एकाही मादीने हा विषाणू पूर्वी पाहिलेला नव्हता, त्यामुळे दुधात द्यायला तिच्याकडे काही नव्हते. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून बाहेर पडणाऱ्या विषाणूंची संख्या अफाट, आणि दुसऱ्या पिल्लाला आजारी पाडायला त्यातला अगदी क्षुल्लक अंश पुरतो. बुटाच्या तळव्याला चिकटलेली चिमूटभर घाणसुद्धा धोकादायक.

अमेरिकेतले डुक्कर आयुष्यभर एका जागी राहत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. नॉर्थ कॅरोलायनात जन्मलेले पिल्लू तीन आठवड्यांचे झाले की ट्रकमध्ये चढते आणि शेकडो मैल प्रवास करून आयोवात उतरते, कारण तिथे मका पिकतो आणि खाद्य स्वस्त पडते. तिथे वाढले की पुन्हा ट्रक, या वेळी कत्तलखान्याकडे. खाद्य दुसऱ्याच गिरणीतून येते, त्यातली जीवनसत्त्वे तिसऱ्याच देशातून. या सगळ्या येण्याजाण्याचा नकाशा एका कागदावर कुणाकडेच नव्हता.

कायद्याचीही अडचण होती. पीईडी हा सरकारला कळवणे सक्तीचे असलेल्या आजारांत मोडत नव्हता. त्यामुळे पहिल्या वर्षभरात जे आकडे गोळा झाले ते प्रयोगशाळांनी आपणहून एकत्र आणले. दर आठवड्याला किती नमुने पॉझिटिव्ह, कोणत्या राज्यातले, किती वयाच्या डुकरांचे, एवढे त्यातून कळे. पण अनेक नमुन्यांच्या अर्जावर फार्मचा नोंदणी क्रमांकच नसे. एकाच फार्मचे पाच नमुने म्हणजे पाच फार्म की एकच, हे सांगता येत नव्हते. साथीच्या ऐन भरात, प्रयोगशाळा उत्तम असूनही, एका साध्या रकान्याअभावी देशाला आपल्या आजारी फार्मची संख्या नीट मोजता आली नाही. जून २०१४ मध्ये केंद्रीय कृषी खात्याने आदेश काढून हा आजार कळवणे बंधनकारक केले, तोवर साथीचा सर्वांत वाईट हिवाळा होऊन गेला होता.

आता दोरीकडे येतो, कारण या साऱ्या प्रकरणातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच. हजार-बाराशे डुकरांच्या शेडमध्ये विषाणू शिरला आहे का, हे पाहायचे तर पूर्वी एकेक जनावर धरून मानेतून रक्त काढावे लागे. दोन माणसे डुकराच्या वरच्या जबड्याला फास अडकवून धरणार, तिसरा सुई खुपसणार, डुक्कर कानठळ्या बसतील असे किंचाळणार. खर्च, वेळ आणि जनावराचे हाल पाहता कुणी वारंवार ते करत नसे. आयोवा स्टेट विद्यापीठातल्या जेफ्री झिमरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या स्वभावाचाच उपयोग करून घेतला. डुक्कर अत्यंत चौकस प्राणी. समोर काही नवे लोंबकळताना दिसले की ते चावून पाहिल्याशिवाय त्याला राहवत नाही.

तर कप्प्याच्या कठड्याला एक जाड, पिळाची सुती दोरी बांधायची, खालचे टोक डुकरांच्या खांद्याच्या उंचीला येईल अशी. बांधणारा माणूस मागे सरकायच्या आत पहिले डुक्कर पुढे येते, हुंगते, टोक तोंडात धरते. मग दुसरे त्याला ढकलते. वीस-तीस मिनिटांत कप्प्यातल्या पंचवीस-तीस डुकरांपैकी बहुतेकांनी ती आळीपाळीने चघळलेली असते आणि टोक लाळेने चिंब झालेले असते. ते टोक स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून आवळायचे, दोरी पिळायची, पिशवीच्या कोपऱ्यात गढूळ लाळ जमते, कोपरा कापून ती नळीत धरायची. झाले. कुणाला सुई लागली नाही, कुणी किंचाळले नाही, आणि एका नळीत पूर्ण कप्प्याची हकीकत आली. तीच नळी पुढे आरटी-पीसीआर यंत्रात जाते. ही चाचणी २०२० नंतर आपल्या घराघरांत ठाऊक झाली. लाळेत विषाणूच्या आरएनएचा तुकडा असेल तर तो पुन्हा पुन्हा दुप्पट करून दाखवणारी ती पद्धत. दोरीची युक्ती मुळात पीआरआरएस या डुकरांच्या दुसऱ्या आजारावर पाळत ठेवण्यासाठी रुळली होती. पीईडी आला तेव्हा ती हाताशी तयार होती.

दोरीमुळे विषाणू कुठे आहे ते कळले. तो तिथे आला कसा, हा पुढचा प्रश्न. पहिला संशय ट्रकवर. इलिनॉय विद्यापीठाचे जिम लोव आणि त्यांच्या गटाने साथ सुरू झाल्यावर थोड्याच काळात कत्तलखान्यांच्या धक्क्यांवर उभे राहून ६६९ ट्रेलर तपासले. प्रत्येकाच्या फरशीचा नमुना डुकरे उतरवण्यापूर्वी आणि उतरवल्यानंतर घेतला. ६.६ टक्के ट्रेलर येतानाच विषाणू घेऊन आले होते, यात नवल नाही. धक्का बसला तो दुसऱ्या आकड्याने. येताना स्वच्छ असलेल्या ट्रेलरपैकी ५.२ टक्के ट्रेलर जाताना विषाणू घेऊन गेले. म्हणजे निरोगी फार्मचा ट्रक कत्तलखान्यावर डुकरे सोडायचा आणि परतीच्या वाटेवर आजार घरी न्यायचा. तोवर सगळ्यांचे लक्ष फार्ममध्ये येणाऱ्या जनावरांकडे होते. रिकाम्या परतणाऱ्या गाडीकडे कुणी पाहतच नव्हते. या निष्कर्षानंतर ट्रेलर धुण्यासोबत सुकवण्यालाही महत्त्व आले. रिकामा ट्रेलर ७१ अंश सेल्सिअसला दहा मिनिटे तापवला, किंवा २० अंशांना सात दिवस तसाच ठेवला, तर त्यातला विषाणू निकामी होतो, हे पुढच्या प्रयोगांनी दाखवले. रोजच्या धंद्यात सात दिवस गाडी उभी ठेवणे कुणाला परवडणार? म्हणून ट्रेलर तापवणाऱ्या मोठ्या खोल्या उभ्या राहिल्या.

वाऱ्याचीही चौकशी झाली. मिनेसोटा विद्यापीठाच्या गटाने आजारी कळपांपासून वाऱ्याच्या दिशेने ठरावीक अंतरांवर हवा खेचणारी यंत्रे लावली. १० मैल, म्हणजे सुमारे १६ किलोमीटर दूरच्या हवेतही विषाणूचा आरएनए सापडला. इथे मात्र सावध राहायला हवे. आरएनए सापडणे आणि जिवंत, संसर्ग करू शकणारा विषाणू सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी. आजारी डुकरांच्या खोलीतली हवा पिल्लांना आजारी पाडते, इतके त्याच गटाने प्रयोगाने सिद्ध केले. मैलोगणती दूरची हवाही तसेच करते असे सिद्ध झालेले नाही.

काही फार्म मात्र कोड्यात टाकत होते. जनावरांची ने-आण नाही, ट्रकची शिस्त कडक, आत जाण्याआधी अंघोळ आणि कपडे बदलण्याचा नियम. तरी आजार आत. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत एकमेकांशी कसलाही व्यवहार नसलेल्या, दूरदूरच्या राज्यांतल्या फार्मवर तो जवळपास एकाच सुमारास उगवला होता. अशा ठिकाणी बाहेरून रोज काय येते? खाद्य. स्कॉट डी या पशुवैद्य संशोधकाने लांब दांड्याला रंगाचा रोलर बसवला आणि खाद्याच्या उंच टाक्यांच्या आतल्या भिंतींवर तो फिरवून धूळ गोळा केली. तिची चाचणी पॉझिटिव्ह आली. मग ती धूळ मिसळलेले खाद्य निरोगी पिल्लांसमोर ठेवले, त्यांनी ते नेहमीसारखे खाल्ले आणि ती आजारी पडली. २०१४ च्या जानेवारीत कॅनडाच्या ओंटारिओत आजार पोचला, तेव्हाही बोट खाद्याकडे गेले. पिल्लांच्या खाद्यात घालायची डुकराच्या रक्तद्रवाची अमेरिकेहून आलेली भुकटी तिथल्या सरकारी यंत्रणेने तपासली, तेव्हा तीत विषाणू आढळला.

डी यांनी पुढे केलेला प्रयोग तर एखाद्या प्रवासवर्णनासारखा आहे. चीनमधून खाद्याचे घटक जहाजाने येतात, तर त्या प्रवासात विषाणू टिकेल का? त्यांनी बीजिंगपासून आयोवाच्या डी मॉइनपर्यंतच्या ३७ दिवसांच्या वाटेवरचे, २०१२-१३ च्या हिवाळ्यातले तापमान आणि आर्द्रता यांच्या नोंदी मिळवल्या. एका बंद कपाटात तेच हवामान दिवसागणिक उभे केले आणि आत वेगवेगळ्या घटकांचे विषाणू मिसळलेले नमुने ठेवले. बऱ्याच घटकांत विषाणू मेला. सोयाबीनची पेंड, लायसिन, कोलीन क्लोराइड आणि ड जीवनसत्त्व यांत तो ३७ दिवसांनंतरही जिवंत होता. केंद्रीय कृषी खात्याच्या चौकशीत, विषाणू देशात येण्याच्या ज्या शक्यता पडताळून पाहिल्या गेल्या, त्यांतली सर्वांत जुळणारी ठरली ती माल वाहून आणणाऱ्या टनभराच्या मोठ्या पिशव्यांची. या पिशव्या न धुता पुन्हा वापरल्या जात. पक्का पुरावा मिळाला नाही. पण इतक्या व्यापात संशयाची सुई एका पिशवीपर्यंत आणून ठेवणे, हेच केवढे मोठे काम!

विषाणूच्या आत लिहिलेली साक्ष वेगळीच. पीईडीच्या विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे २८ हजार अक्षरांचा. नकला होताना अधूनमधून एखादे अक्षर चुकते आणि ती चूक त्या नकलेवरून पुढे निघणाऱ्या नकलांत उतरते. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत नक्कल करणाऱ्यांच्या हातून पाठभेद शिरले, आणि कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली हे अभ्यासक त्या पाठभेदांवरूनच ताडतात. इथेही तसेच. अमेरिकेतल्या पहिल्या विषाणूंचा क्रम चीनच्या आन्हुइ प्रांतातल्या नमुन्याशी ९९ टक्क्यांहून अधिक जुळला आणि उगम कुठे शोधायचा ते स्पष्ट झाले. २०१४ च्या सुरुवातीला ओहायोत एक निराळा प्रकार सापडला. त्याच्या काटेरी प्रथिनाच्या जनुकात काही अक्षरे गळलेली आणि काही घुसलेली होती, आणि तो पिल्लांवर तितका घातक नव्हता. त्याच सुमारास जर्मनीत दिसलेला विषाणू या सौम्य भावंडाशी मिळताजुळता निघाला.

एवढे सगळे धागे एकत्र विणले गेले ते बॉब मॉरिसन या मिनेसोटा विद्यापीठातल्या प्राध्यापकामुळे. २०११ मध्ये त्यांनी पीआरआरएससाठी एक स्वयंसेवी उपक्रम सुरू केला होता. मोठमोठ्या वराहपालन कंपन्यांनी दर आठवड्याला आपल्या प्रजननाच्या फार्मची स्थिती, आजारी की निरोगी, एका ठिकाणी कळवायची; उत्तरादाखल सगळ्यांचे मिळून बनलेले चित्र प्रत्येकाला मिळणार. या कंपन्या बाजारात एकमेकींच्या स्पर्धक. आपल्या फार्मवर रोग आहे हे प्रतिस्पर्ध्याच्या कानी जाणे कुणाला आवडेल? तरी मॉरिसन यांच्या शब्दावर त्यांनी माहिती दिली. त्यातून उलगडले की पीआरआरएसची लाट दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच्या काळात, जवळपास ठरल्या वेळी उठते. पीईडी आला तेव्हा त्याच यादीत एक नवा रकाना वाढवला गेला आणि साथीचा आलेख आठवड्यागणिक कागदावर येऊ लागला. सरकारी आदेश निघण्याच्या कितीतरी आधी हे चालू होते. मॉरिसन २०१७ मध्ये अपघातात गेले. उपक्रम आज त्यांच्याच नावाने चालतो आणि देशातल्या निम्म्याच्या आसपास माद्या त्याच्या नजरेखाली आहेत. कायद्याने जे जमले नाही ते एका माणसावरच्या विश्वासाने जमले. या माणसाला विज्ञानाच्या इतिहासात मानाची जागा मिळायला हवी.

डुकरांवर पाळत ठेवणे माणसासाठीही गरजेचे आहे, हे आपण पुण्यात भोगले आहे. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. त्या विषाणूचे पूर्वज मध्य मेक्सिकोतल्या डुकरांत वर्षानुवर्षे फिरत होते, हे नंतरच्या जनुकीय अभ्यासाने दाखवले; त्या काळात तिथल्या डुकरांचे नमुने कुणी पुरेसे घेतलेच नव्हते. त्याआधी १९९८-९९ मध्ये मलेशियात निपाहने शंभराहून अधिक माणसे नेली. आजार डुकरांतून माणसांत येत होता, पण सुरुवातीला त्याला जपानी मेंदूज्वर समजून डासांवर फवारणी होत राहिली. दरम्यान आजारी भागातली डुकरे विकली गेली आणि विषाणू पेराकमधून दक्षिणेला नेग्री सेंबिलानपर्यंत गेला. शेवटी दहा लाखांहून अधिक डुकरे मारावी लागली.

भारतात २०१९ च्या पशुगणनेनुसार सुमारे ९० लाख डुकरे आहेत आणि त्यांतली सर्वाधिक आसामात. अमेरिकेत पीईडी आला त्याच २०१३ मध्ये मिझोराममध्ये पीआरआरएस पहिल्यांदा उद्भवला. त्याचा क्रम चीनमधल्या उग्र प्रकाराशी जुळला. २०२० मध्ये अरुणाचल आणि आसामात आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला, भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने तो निश्चित केला, आणि जुलै २०२२ पर्यंत तो केरळच्या वायनाडमध्ये पोचला. या आजाराचा माग काढायला ही साधने तोकडी पडतात. त्याचा विषाणू डीएनएचा, त्यात अक्षरे फार सावकाश बदलतात, त्यामुळे दोन गावांतल्या विषाणूंत फरक क्वचितच सापडतो. मांसात तो महिनोन् महिने टिकतो. आणि पूर्वोत्तरात मोठी शेड विरळाच, घरामागे दोन-तीन डुकरे आणि त्यांना स्वयंपाकघरातले खरकटे. तिथे विषाणूचा माग म्हणजे खरकटे कुठले, मांस कुणी विकले, व्यापारी आधी कुठल्या वाडीत गेला होता, याची घरोघर जाऊन चौकशी.

देशाच्या कृती आराखड्याप्रमाणे आजार निश्चित झालेल्या जागेभोवती एक किलोमीटरचा पट्टा बाधित ठरतो, तिथली डुकरे मारली जातात, आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. त्या वर्तुळाचा मध्यबिंदू ठरतो तो ज्या घराने पहिले मेलेले डुक्कर कळवले त्या घरावरून. ज्या बाईच्या मुलांच्या शाळेचे वर्षाचे पैसे त्या दोन डुकरांवर अवलंबून आहेत, तिला भरपाई वेळेवर मिळेल अशी खात्री असेल तर ती त्याच दिवशी कळवते. खात्री नसेल तर उरलेले डुक्कर आधी विकले जाते, आणि वर्तुळ नकाशावर आखले जाते तेव्हा विषाणू त्याच्या बाहेर गेलेला असतो.